आर्हिन मास्तरांचं हार्टफेल्ट

समुद्रकाठच्या सॉल्टपाँड गावात माणूस गेला की घरचे शवपेटीच्या आधी आर्हिन मास्तरांकडे धावत. शनिवारी चर्चमध्ये वाचायची श्रद्धांजली त्यांच्यासारख्या वजनदार इंग्रजीत दुसऱ्या कुणाला जमत नसे. विधवेची वेगळी, मुलांची वेगळी, भाच्यांची वेगळी. सगळ्या छापून पुस्तिका व्हायची.

मास्तर मागाल ते लिहीत. हात आखडायचा तो एकाच शब्दाला. हार्टफेल्ट.

"हा काळजातून उपटून काढायचा शब्द आहे," ते म्हणत. "मुळाला माती लागलेली दिसली पाहिजे."

म्हणून ते आधी परीक्षा घेत. गेलेला माणूस काय आवडीनं खायचा? चिडला की काय बोलायचा? चपला कुठे काढायचा? उत्तरं पटली तर 'हार्टफेल्ट', नाहीतर नुसतं 'सिन्सिअर'. म्हणजे खोटं नाही, एवढंच. गावाला हे पाठ होतं. चर्चमध्ये वाचन सुरू झालं की शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांतल्या बायका कान टवकारत आणि 'सिन्सिअर' आलं की एकमेकींना कोपरानं ढोसत.

मासे धुरावर सुकवून विकणाऱ्या मान्साला नवऱ्याच्या वेळी सिन्सिअरच मिळालं होतं. चिडल्यावर तो काय बोलायचा, यावर ती "चिडायचेच नाहीत हो" म्हणाली होती. त्याचा आवाज समुद्रापर्यंत ऐकू जायचा. तेव्हापासून मास्तर दिसले की मान्सा रस्ता बदलायची.

मग मास्तरांची थोरली बहीण अराबा गेली. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. तीच त्यांना जन्मभर रांधून वाढत आली. आता मास्तर स्वतःच्या बहिणीसाठी कोणता शब्द लिहितात, याकडे गावाचे डोळे लागले. छापखान्याचा माणूस दोनदा येऊन गेला, तरी कागद कोराच होता.

शेजारीण म्हणून मी अंगणात येणाऱ्या-जाणाऱ्यांना पाणी देत होते. मान्सा आली, बसली, पाणी प्यायली. रिवाजाप्रमाणे मी विचारलं, "कशासाठी येणं केलंस?"

"परीक्षा घ्यायला," ती म्हणाली.

मास्तर उठले नाहीत. "घे," म्हणाले.

"अराबाला काय आवडायचं?"

"ती माझ्यानंतर जेवायची. मी कधी पाहिलं नाही."

"गेला एक. चिडली की काय बोलायची?"

मास्तरांनी घसा साफ केला. पण बाहेर आला तो मास्तरांना नावानं हाक मारणारा अराबाचा आवाज. "एकॉव, हे घर आहे की वह्यांचा उकिरडा? एकॉव, माशाचं डोकं का टाकलंस, ते तुझ्याकडे बघत होतं म्हणून? एकॉव, मेलेल्यांबद्दल इतकं गोड लिहितोस, जिवंत माणसाला मीठ बरोबर झालंय एवढं तरी सांगत जा. एकॉव..."

ते थांबेचनात. मी तोंडावर हात धरला. मान्सालाही हसू आवरेना.

"बरं, बरं, पटलं. चपला कुठे काढायची?"

आता मात्र मास्तरांनी दाराकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. "नाही सांगता येत," शेवटी म्हणाले. "तीनपैकी एक. सिन्सिअरच लिहायला हवं." त्यांनी कागद ओढला.

मान्सा त्यांच्या पायांकडे बघत होती. मीही पाहिलं. मास्तरांच्या पायात अराबाच्या निळ्या रबरी चपला होत्या. त्यांच्या टाचा मागून चांगल्या चार बोटं बाहेर आल्या होत्या.

"कधीपासून घालताय?" मान्सानं विचारलं.

मास्तरांनी खाली पाहिलं. ते पहिल्यांदाच पाहत असावेत. "ती गेली त्या दिवशी घाईत पाय घातले असतील," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. बराच वेळ पुसत राहिले.

"लिहा, मास्तर," मान्सा म्हणाली. "हार्टफेल्ट लिहा."

त्यांनी लिहिलं. मान्सा उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"मग माझ्या नवऱ्याचंही बदलता का आता?"

मास्तरांनी मान वर न करता उत्तर दिलं, "त्याचं आहे तेच राहील."

"वाटलंच मला," म्हणत मान्सा गेली. शनिवारी मात्र चर्चमध्ये ती सगळ्यात पुढच्या बाकावर बसली होती.