आईच्या मोबाईलवरून गेलेला फोन

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कुणी सांगायला लागलं तर मी उठून जायचो. तरी लिहितोय... कारण घरातल्याच माणसावर संशय घेऊन बसलोय.

आमचं घर भाटघरला. आईला पॅरालिसिसचा झटका आला तो हृदयातून सुटलेल्या गुठळीमुळे. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आता नुसतं "बा... बा" एवढंच. त्याच वर्षी वेल्ह्याच्या आत्यालाही झटका आला, पण तो मेंदूतल्या बारीक नसेचा. ती महिन्याभरात बाजारात हिंडायला लागली. डॉक्टर म्हणाले होते, आईची वाचा परत येणं अवघड आहे. आणि आत्याला पुन्हा झटका येऊ शकतो, गोळ्या चुकवू नका.

गेल्या उन्हाळ्यात आतेभावाचा पुण्याहून फोन आला.

"मामी बोलाय लागली, अन् तू सांगितलं न्हाईस?"

"कोण बोलायला लागली?"

"दुपारी आईला फोन केलता तिनं. वन्सं, हातातलं टाका, आत्ताच पुण्याला दवाखान्यात जा म्हनली. आईला काय होत नव्हतं, तरी गाडी काढाय लावली. नसरापूरच्या पुढं तिचा हात लुळा पडला. येळेवर पोचलो म्हनून गुठळी इरघळायचं इंजेक्शन देता आलं."

आईच्या उशाशी भजनं ऐकायला एक मोबाईल असतो. तो पाहिला. दुपारी त्यावरून आत्याला कॉल गेलेला होता... त्या वेळी मी ओसरीवरच होतो. घरात आईशिवाय फक्त माझी बायको.

"तू आईचा आवाज काढलास?"

ती माझ्याकडे वळली. "आत्यांना आज काय होणार हाय, हे मला कसं कळंल? अन् तुमी मलाच इचारताय?"

संशय तरी गेला नाही.

आत्या बरी होऊन आईला भेटायला आली. मी मुद्दाम तिथंच बसलो. आत्यानं आईचा हात धरला. "वयनी, तुमी फोन केला म्हनून मी वाचले." आईचे डोळे भरले. "बा... बा," म्हणाली, आणि माझ्याकडे एकदा बघून तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आत्या, नक्की आईच होती?"

"मला वन्सं म्हननारी जगात दुसरी कोन हाय?"

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आईला पुन्हा तपासलं, वाचा तशीच गेलेली. हल्ली आईच्या खोलीत जाण्याआधी मी दाराबाहेर थांबून कानोसा घेतो. परवा बायकोनं मला तसं पकडलं. हळूच शेजारी येऊन तीही ऐकत उभी राहिली.