तीसच्या स्पीडनं कुरखेड्याला

भाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच कामावर होतो. मोटरसायकलच्या हँडलला मोबाईल दोरीनं बांधलेला, कॅमेरा चालू, आणि आरमोरीकडून कुरखेड्याला येणाऱ्या रस्त्यावर मी इतका हळू चाललो होतो की सायकलवालेही मागं वळून बघत होते. गावाआधीच्या वळणावरचं मोहाचं झाड रस्त्याच्या डाव्या हाताला आहे की उजव्या, असा संशय भाऊजींना आदल्या दिवशी आला होता. जन्मापासून त्याच झाडाखालून जाऊनही मला ते छातीठोक सांगता आलं नाही, म्हणून ही फेरी. वळण जवळ आलं आणि स्क्रीनवर 'बाई' असं नाव उमटलं. बाई म्हणजे माझी थोरली बहीण, चंद्रपूरला दिलेली. ती स्वतः कधी फोन करत नाही. फोन भाऊजी करायचे आणि ती मागून बोलायची. मी गाडी थांबवली.

"सुधाकर," ती म्हणाली, "तुह्ये भाऊजी गेले." मी काही बोलायच्या आत तीच पुढं म्हणाली, "तू हळू ये."

मी तिथूनच गाडी वळवली. झाड पाहायचं राहून गेलं... आणि 'हळू' हा शब्द तेवढा डोक्यात घुमत राहिला. त्या घरात या एका शब्दावर काय काय झालं, ते सांगितल्याशिवाय भाऊजी कोण होते हे कळायचं नाही.

मधुकरभाऊजी कोळशाच्या खाणीवर काटाबाबू होते. म्हणजे ट्रक वजनकाट्यावर चढणार, हे खिडकीतून आकडा बघणार, पावती फाडणार, "कुठी चालला रे?" असं विचारणार आणि पुढच्याला हात करणार. उभी नोकरी ट्रक बघण्यात गेली, पण ट्रकच्या केबिनमध्ये हा माणूस एकदाही चढला नाही. चालवण्याचं तर नावच नको. एकदा शेजाऱ्याची स्कूटर शिकायला घेतली आणि पहिल्याच फेरीत सरळ त्याच शेजाऱ्याच्या न्हाणीघरात घातली. आत कोणी नव्हतं हे नशीब. त्यानंतर सायकल भली आणि आपण भले. मात्र ट्रकवाल्यांच्या गप्पा ऐकून ऐकून रस्त्यांचं एक वेड त्यांच्या डोक्यात शिरलं होतं. कुठल्या धाब्यावर भाजीत तिखट जास्त, कुठल्या नाल्यावर पावसाळ्यात गाड्या अडकतात, सगळं ऐकीव, आणि सांगताना मात्र आपणच परवा तिथून आल्यासारखं.

अशा माणसाला बायको मिळाली ती आमची बाई. तिला गाडी लागते. लागते म्हणजे कशी, तर फाटकाबाहेर गाडी सुरू झाली की घरात बसून लागते. लग्नात वरात कुरखेड्याहून चंद्रपूरला निघाली तेव्हा नवऱ्या मुलानं तिचा हात धरायच्या आधी तिच्यापुढं पिशवी धरली, आणि आरमोरी, गडचिरोली, मूल अशी गावं मागं पडली तरी ती धरूनच ठेवली. लिंबू हुंगून झालं, आवळासुपारी झाली, पेपरची घडी मांडीखाली घेऊन झाली, कोणी सांगितलं म्हणून पोटाला कांद्याचा काप बांधून झाला. रेल्वेनं जावं तर रेल्वेतही तेच. शेवटी तिनं स्वतःच एक उपाय काढला. गाडीत बसलं की पदर तोंडावर घ्यायचा, डोळे गच्च मिटायचे, ते घर आल्यावरच उघडायचे. त्यामुळे सासर आणि माहेर यांच्यामधला रस्ता माझ्या बहिणीनं आयुष्यात कधी बघितलाच नव्हता. वय वाढलं तसं तेही सोसेना. आईच्या मातीला आली तीच शेवटची. नंतर दरवर्षी मी भाऊबीजेला जायचो आणि ती म्हणायची, "माह्यं माहेर तूच घेऊन येत जा थोडं थोडं."

भाऊजी निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या मुलीनं, पल्लवीनं, नागपूरहून कॉम्प्युटर आणून दिला. बाबा घरात बसून आईचं डोकं खातील, त्यापेक्षा ट्रक चालवण्याचा गेम खेळतील, एवढाच तिचा हिशेब. सोबत खेळातलं स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायचं ॲक्सिलरेटर-ब्रेक. स्टिअरिंग घट्ट बसवायला घरात एकच मजबूत टेबल होतं, बाईच्या शिलाई मशीनचं. मशीनचं डोकं खाली गेलं आणि त्या जागी स्टिअरिंग आलं. बाई पुढं कित्येक दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माह्या मशीनवर आता ट्रक चालते."

खेळ परदेशातला. गुळगुळीत रस्ते, शिस्तीची गावं. भाऊजींना आठ दिवसांत कंटाळा आला. मग त्यांना कळलं की जगभरचे लोक आपापल्या मुलखाचे रस्ते बनवून या खेळाला जोडतात. झालं. त्याच दिवशी मला फोन. "साळेबुवा, आपला इलाखा जोडाचा आहे. तू आरमोरीपासून इकडचं सांभाळ." मला वाटलं चार दिवसांचं खूळ आहे. पण ते व्हिडिओ बघून बघून शिकले, आणि मी, शाळामास्तर, शाळा सुटल्यावर मोबाईल बांधून रस्ते धुंडाळायला लागलो. या पुलाला कठडे आहेत का? या टपरीचं छप्पर टिनाचं की कवेलूचं? एकदा तर गडचिरोलीच्या चौकात कुत्री किती बसतात म्हणून विचारलं. मी म्हटलं, "भाऊजी, कुत्री हलतात."

"मंग सरासरी सांग ना."

परदेशातलं एक टापटीप शहर संपलं की टोलनाका, आणि टोलनाका ओलांडला की एकदम चंद्रपूर, अशी त्यांनी जोडणी केली होती. आत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीला पहिल्यांदा काट्यावर वजन द्यावं लागे. तिथं रांग असे, कारण काट्यावर रांग असतेच. जेवणाच्या सुट्टीत काटा बंद राही, कारण जेवणाच्या सुट्टीत काटा बंदच असतो. मोहर्लीच्या फाट्याला त्यांनी सफारीच्या जिप्सी आणि टोप्या घातलेली माणसं उभी केली, पण वाघ कुठं ठेवला नाही. पल्लवी म्हणाली, बाबा, लोक वाघासाठीच येतील. ते म्हणाले, "वाघ दिसत नसते. पाहाले आलेली लोकं दिसते."

हे सगळं कोणासाठी चाललंय हे मला बऱ्याच उशिरा समजलं. एका दुपारी मी गेलो तर भाऊजी स्टिअरिंगवर आणि बाजूच्या स्टुलावर बाई, हातात लिंबू. चंद्रपूरहून ट्रक निघाला. मूलच्या अलीकडं बाईनं पदर तोंडावर घेतला.

"डोळे उघड ना वो. घरातच बसली आहे तू."

"घर हालून राह्यलं ना."

भाऊजींनी ट्रक उभा केला. बाई उठून पाणी प्यायला गेली. ते मला हळूच म्हणाले, "तिले एकदा डोळे उघडे ठेवून माहेरी न्याचं आहे. कसं तरी." त्यांचा चेहरा बघून मला थट्टा सुचली नाही.

त्यांनी तोड काढली ती काटाबाबूची. स्पीड कमी. आधी साठ केला, मग पन्नास, मग चाळीस. चाळीसला बाई सावली गावापर्यंत टिकली. शेवटी तीस. आणि हा बदल त्यांना फक्त आपल्या ट्रकपुरता करता आला नाही, किंवा केला नाही. सगळ्या नकाशालाच तीसची वेसण घातली. सूरजागडकडून लोखंडाची माती घेऊन सुटणारे ट्रक ज्यांनी रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितले आहेत, त्यांनी ते तीसनं, एका रांगेत, गुमान चाललेले बघायचे असतील तर भाऊजींच्या नकाशातच बघावे.

पल्लवीनं नकाशा जगाला खुला केला आणि तक्रारी सुरू झाल्या. जर्मनीतून कोणीतरी लिहिलं, तुमच्या रस्त्यांवर गाडी तीसच्या वर जातच नाही, दोष दुरुस्त करा. भाऊजींनी पल्लवीकडून उत्तर लिहवून घेतलं. "दोष नाई. माह्या घरच्या बाईले मळमळते. घाई असन त दुसऱ्या रस्त्यानं जा." पल्लवीनं ते जसंच्या तसं इंग्रजीत घातलं. वाटलं होतं लोक शिव्या देतील. काहींनी दिल्याही. पण बाकीचे विचारायला लागले, बाई आता कशी आहे? कुठपर्यंत पोचली? ब्राझीलमधल्या एकानं आल्याचा तुकडा चघळायला सांगितला. पल्लवीनं हे वाचून दाखवलं तेव्हा बाई जी भडकली... "साऱ्या जगात माह्या ओकारीचा डंका पिटला तुमी. आता मी कोणाले तोंड दाखवू?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "तुह्यं तोंड कुठी पाह्यलं त्याईनं?" त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ मिळालं नाही. पण दुसऱ्या दिवशी आल्याचा तुकडा तिच्या तोंडात होता.

तीसनं आणि आल्यानं बाई वैनगंगेच्या पुलापर्यंत आली. पूल सुरू झाला की मात्र संपलं; डोळे मिटलेच. ते जायच्या आदल्या दिवशी माझी त्यांची शेवटची भेट झाली तेव्हाही हेच चाललं होतं. निघताना फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "पूल झाला ना साळेबुवा, की पुढचं तुह्यं गावच आहे. ते मोहाचं झाड तेवढं पाहून सांग."

ते गेले तेही त्याच खुर्चीत. जेवण करून बसले होते. बाई भांडी घासून आली तोवर... ट्रक पुलावर उभा होता आणि इंजिन चालू होतं. ते बंद कसं करायचं कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी वायर ओढायला गेलं तर बाई म्हणाली, "राहू द्या. पल्लवी येईन अन् बंद करन." म्हणून भाऊजी खाली चटईवर, भोवती बायामाणसं रडताहेत, आणि वर ट्रकची घरघर, असं चार-साडेचार तास चाललं. शेजारच्या म्हाताऱ्या आजोबांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, "बाहेर कोणाची गाडी उभी आहे रे? त्याले सांगा ना, इथी मयत झाली म्हणा." मला हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की आजोबांनाच माझी समजूत काढावी लागली.

तेरवी झाली की भावानं बहिणीला चार दिवस माहेरी न्यायचं, ही आमच्याकडची रीत. मी गाडी सांगून ठेवली होती. बाईनं साफ नाही म्हटलं. "रस्त्यात मेली त तुले आणखी एक तेरवी कराव लागन." मी विनवलं, पल्लवीनं विनवलं. ती हलली नाही. मी चिडलोही थोडा. भाऊजी नाहीत, आई नाही, आता हिचं माहेर म्हणजे मी, आणि तेही हिला नको, असं वाटून गेलं.

पल्लवी तिकडं स्टिअरिंग काढायला बसली होती, आईला मशीन मोकळी करून द्यावी म्हणून. स्क्रू अर्धा सुटला असेल. बाई म्हणाली, "थांब. काढाच्या आंधी मले एकदा दाखव, ते कसं चालवत होते."

ती खुर्चीवर बसली. स्टुलावर नाही, खुर्चीवर. पल्लवीनं ट्रक सुरू केला. तो पुलावरच होता, जिथं भाऊजींनी सोडला होता तिथंच. बाईचा पाय ॲक्सिलरेटरवर गेला. सारा जन्म शिलाई मशीन चालवलेला पाय तो. धक्का नाही, हिसका नाही. ट्रक निघाला. खरं सांगतो, भाऊजी इतके दिवस चालवत होते ते एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडं हेलकावत, आणि ही चालली पोटातलं पाणी हलू न देता. मी आणि पल्लवी तिच्या डोळ्यांकडं बघत होतो. ते उघडे होते.

"वैनगंगा एवढी रुंद आहे?" ती म्हणाली. ज्या नदीवरून ती सून म्हणून गेली, लेक म्हणून कितीदा आली, तिच्याबद्दल. पुढं गडचिरोली गेलं, आरमोरी गेलं. तळं दिसलं की, "हे इथी आहे होय," टपरी दिसली की, "इथं थांबून तुमी चहा पेत होते अन् मी गाडीत पडून रावो." शेवटी वळण आलं आणि तिनं ट्रक उभा केला. "झाड चुकलं," ती म्हणाली. "मोह उजव्या हाताले आहे. आमी पोरी उजवीकडंच वेचत होतो. मले विचारलं असतं त."

मी विचारलं, "बाई, मळमळलं नाही?"

तिनं स्टिअरिंगवरच्या आपल्या हाताकडं पाहिलं. तिच्याही ते तेव्हाच लक्षात आलं असावं. "नाई रे," ती म्हणाली. "वळण येते हे आंधीच समजते ना. हात आपलाच रायते त्याच्यावर."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. जगाला तीसवर आणलं, ब्राझीलला विचारलं, चौकातली कुत्री मोजवली, पण तिच्या हातात चाक द्यावं हे भाऊजींना सुचलं नाही. आम्हालाही नाही. तिला न्यायचं, तिला बसवायचं, एवढंच आम्हा सगळ्यांना माहीत. ती बाजूला उलट्या करत असताना तिच्यासाठी इतकं झिजलेला दुसरा नवरा मला दाखवा, आणि तरीही...

मी गाडी रिकामीच परत आणली. बाई म्हणाली, "येईन मी. पन चालवीन मीच." आता ती चंद्रपुरात मोटार शिकायला जाते. शिकवणाऱ्याची एकच तक्रार आहे, बाई तीसच्या वर जात नाहीत. पल्लवीनं नकाशातलं झाड उजवीकडं केलं. स्पीड वाढवायचं तिनं विचारलंही नाही.

स्टिअरिंग अजून मशीनवरच आहे. रोज दुपारी बाई कुरखेड्याला येते आणि मला फोन करून सांगते, "पोचली." मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा ती आरमोरीच्या पुढं होती. तिचं जुनं स्टूल बाजूला तसंच मांडलेलं, आणि त्यावर एक लिंबू ठेवलेलं, चांगलं पिवळं. मी म्हटलं, बाई, आता तुला कशाला लिंबू?

तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही. "त्याईच्यासाठी ठेवलं," ती म्हणाली. "त्याईले बाजूले बसाची सवय नाई ना."