मावशीची टोपली

मासळीच्या ओल्या टोपलीचा वास आला की बाळकुमहून ठाण्याच्या बाजाराला जाणारी ती वाट आठवते. मी नवी नवरी होते. दम खायला वांग्यांची पाटी खाली ठेवली, ती एकटीला काही उचलेना. एका साहेबाची बग्गी धुरळा उडवत निघून गेली. मागून कोलशेतची एक कोळीण आली. स्वतःची मासळीची टोपली उतरवून तिने माझी पाटी माझ्या डोक्यावर चढवली. तेव्हा कुठे ध्यानात आलं, आता डोक्यावर ओझं घेऊन मला तिच्यासाठी वाकता येणार नव्हतं. “मावशी, आणि तुझी कोण उचलेल?” “येल कोनतरी. तू जा गो बाय.” मासळीवर ऊन चढत होतं, आणि मला मान वळवून बघताही येईना. आज त्याच वाटेवर एका अनोळखी पोरीच्या डोक्यावर भारा चढवून दिला, आणि माझी पाटी पायाशी घेऊन बसले आहे. येईल कोणीतरी.