मारायचं नाही, सोडून यायचं

आमच्या लाइनीत माल आणि किस्से, दोन्ही फार दिवस साठवून ठेवू नयेत. आत काहीतरी वळवळायला लागतं! म्हणून आज थोडे मोकळे करते.

मी माहेरची नागरवाड्यातली, सासर कारेलीबागेत आणि नोकरी मकरपुऱ्याला, एका फरसाणच्या फॅक्टरीत. हुद्दा क्वालिटी मॅनेजर. म्हणजे टॉर्च घेऊन दिवसभर मशिनांखाली वाकायचं आणि उंदराच्या लेंड्या शोधायच्या. सासूबाई नातेवाइकांना सांगतात, "सूनबाई रिसर्चमध्ये आहे!"

मालक कांतीशेठ. गुजराती माणूस, सोन्यासारखा, पण पक्का जैन. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बेन, उंदरने मारवानो नथी. पकडो, ने दूर छोडी आवो. ए पण जीव छे ने!"

त्यात यंदा परदेशातली एक मोठी ऑर्डर येऊ घातली. ती मिळणार तर आम्हाला, नाहीतर शेठच्या धाकट्या भावाला, नवीनभाईंना. वाटण्या झाल्यापासून दोघा भावांत बोलणं बंद, आणि फॅक्टऱ्या मात्र एकाच रस्त्यावर. फैसला ऑडिटरच्या हातात. आत एक लेंडी सापडली की ऑर्डर गेली, आणि ऑर्डर गेली की दुसरी शिफ्ट बंद. त्या शिफ्टच्या पॅकिंगच्या बायका मला रोज विचारायच्या, "बेन, पास तो थईशुं ने?"

* * *

उंदीर नेमके कुठून येतात ते कळावं म्हणून मी गोडाउनच्या भिंतीकडेने बारीक पीठ पसरलं. सकाळी येऊन बघते तर पावलं अगदी स्पष्ट! दारापासून शेवेच्या पिंपापर्यंत, आणि पिंपापासून परत दारापर्यंत. पाच बोटं, टाच, आणि माप नऊ नंबरचं!

वॉचमन मगनकाकांना विचारलं, "काका, रात्री काही दिसलं का?"

"हा बेन, बहु मोटो उंदर हतो!" काका हाताने माप दाखवत म्हणाले. त्यांचे पाय घोट्यापर्यंत पांढरे होते.

* * *

पिंजऱ्यात आमिष म्हणून आमचीच शेव ठेवली. उंदीर यायचे, वास घ्यायचे आणि निघून जायचे. गाठिया ठेवला, पापडी ठेवली. छे! शेवटी ड्रायव्हर रमणभाई कुठूनसा लीलो चेवडो, म्हणजे आपला ओलसर चिवडा, घेऊन आले. सकाळी पिंजरा फुल्ल!

शेठ खूश. "कोनो चेवडो छे?" त्यांनी विचारलं.

रमणभाई बुटांकडे बघत म्हणाले, "नवीनभाईनो."

शेठ दोन दिवस आमचीच शेव चाखत बसले. तिसऱ्या दिवशी मला केबिनमध्ये बोलावून हळूच म्हणाले, "बेन, आपणा मसालामां शुं खूटे छे?"

* * *

चणाडाळीचं पोतं उघडलं तर आत किडे! सप्लायरला बोलावून मूठभर डाळ त्याच्या नाकाखाली धरली. त्याने चष्मा लावला, किडे निरखून पाहिले आणि अभिमानाने म्हणाला, "जुओ बेन, केटला तंदुरस्त छे! दवा छांटी होत तो जीवता होत? एकदम शुद्ध माल!"

कांतीशेठ मान डोलवायला लागले. पोतं परत पाठवायला मला अर्धा तास भांडावं लागलं.

* * *

माशा मारायच्या नाहीत, म्हणून दारावर मोठा एअर कर्टन बसवला. वारा एवढा जोरात, की माशी काय, माणूससुद्धा वाकून आत यायचा. पहिल्याच दिवशी तळलेल्या पोह्यांची ट्रॉली त्याखालून नेली. पोहे उडाले ते थेट रस्त्यावर. माशा गेल्या, पण अख्ख्या मकरपुऱ्यातली कबुतरं आली! शेठ हात जोडून म्हणाले, "चालो, पुण्य थयुं."

* * *

आता शेवटचा. ऑर्डरचं काय झालं ते आधीच सांगून टाकते: मिळाली, पण अर्धी. अर्धी नवीनभाईंना गेली. का, ते ऐका.

पकडलेले उंदीर रमणभाई टेम्पोतून सोडून यायचे. कुठे विचारलं की म्हणायचे, "बहु दूर, बेन!" पण शेठच्या आईला, बांना, संशय. "आ तो एनो ए ज पाछो आवे छे," त्या म्हणायच्या. तोच उंदीर परत येतो म्हणे! मग बांनी नातीची हिरवी नेलपॉलिश आणली आणि पिंजऱ्यातल्या एका गलेलठ्ठ उंदराच्या शेपटीच्या टोकाला स्वतःच्या हाताने लावली. वर म्हणाल्या, "शोभे छे!" त्याला रमणभाईंनी नेऊन सोडलं आणि आम्ही ऑडिटच्या तयारीला लागलो.

ऑडिटर दिल्लीचे. दिवसभरात हसले नाहीत, चहा घेतला नाही. गोडाउन पाहिलं, मशिनांखाली टॉर्च मारली, पिंपांच्या मागे बोट फिरवलं. काही सापडलं नाही. माझ्या जिवात जीव आला. पॅकिंगच्या बायका खिडकीतून बघत होत्या.

जाता जाता ते कंपाउंडच्या भिंतीजवळ थांबले. तिथल्या पिंजऱ्यात खुडबुड झाली. त्यांनी झाकण वर केलं.

तोच गलेलठ्ठ उंदीर! शेपटीचं टोक हिरवं, आणि त्याच्या वर, नीटनेटकं लावलेलं, एक पिवळं कडं.

मी डोळे मिटले. "सर, हे आउटसाइड आहे... मतलब, बाहर पकड़ा, मतलब सिस्टम काम कर रहा है," असं काहीतरी पुटपुटले.

ऑडिटर खाली वाकले. चष्मा पुसून पुन्हा लावला. आणि दिवसात पहिल्यांदा हसले.

"इनसे तो मैं पिछले हफ्ते मिल चुका हूँ. नवीनभाई के यहाँ, पिंजरे में." मग जरा विचार करून म्हणाले, "तब पूँछ सिर्फ हरी थी. चूहा दोनों का एक है, तो ऑर्डर भी आधा-आधा."

रमणभाई आभाळाकडे बघू लागले. कांतीशेठ मात्र उंदराकडेच बघत होते. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, नंबर लावला, आणि कित्येक वर्षांनी धाकट्या भावाशी बोलले.

"नवीन... पीळो रंग तारो छे?"