राणीचं उत्तर

माझ्या नवऱ्याला साडी माझ्यापेक्षा चांगली दिसते, हे मला शेजारच्या गुजराती भाभीने सांगितलं. रंगीत तालीम बघून ती म्हणाली, "भाभी, भैया तो एकदम रानी लगते हैं! आप से भी अच्छा पल्लू संभालते हैं." मी हसले, पण आतून नुसता जळफळाट झाला.

आमच्या चाळीतली सात-आठ बिऱ्हाडं एकदमच मीरा रोडच्या या सोसायटीत आली आणि त्यांच्याबरोबर गणपतीतलं नाटकही आलं. त्यात बायकांची कामं पुरुषांनीच करायची. चाळीत बायकांना स्टेजवर चढू देत नसत, म्हणून हा रिवाज पडला होता. इथे आमच्याच विंगमधली एक जण घोडबंदर रोडने रोज स्कूटर हाणत ठाण्याला जाते, बँकेत मॅनेजर आहे. रिवाज मात्र जागचा हललेला नाही.

यंदाचं नाटक जुनं, राजाराणीचं. राजाला राणीचा संशय येतो, तो भर दरबारात तिला जाब विचारतो, ती विष पिते, मग त्याला खरं कळतं आणि तो रडतो. म्हणजे पुरुषाने संशय घ्यायचा आणि बाईने मरून खरं ठरायचं. पण पेला उचलण्याआधी राणी त्याला उत्तर देते. चांगलं सव्वा पान देते. अख्ख्या नाटकात तेवढंच तिचं स्वतःचं बोलणं, बाकी सगळीकडे मान खाली आणि 'जशी आज्ञा'. ते सव्वा पान मी कॉलेजात एका स्पर्धेसाठी पाठ केलं होतं. स्पर्धेच्या आधीच लग्न ठरलं आणि सासरच्यांना स्टेजबिज आवडणार नाही, असं आईने परस्पर ठरवून टाकलं. सासरच्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

म्हणून यंदा मी सेक्रेटरींना सरळ सांगितलं, "राणी मी करते."

"वहिनी, तालमी सात ते नऊ. घरी जेवणाचं कोण बघणार?" ते म्हणाले. "आणि पुरुषाने बाई करण्यातच तर आपल्या नाटकाची मजा आहे. तुम्ही वही धरा ना. प्रॉम्प्टिंगला तुमच्यासारखं कोण मिळणार?"

राणीचं काम माझ्या नवऱ्याला मिळालं. मी वही घेऊन रोज सात ते नऊ क्लब हाऊसमध्ये बसू लागले. तेव्हा जेवणाचं कुणी काढलं नाही.

घरी तो माझ्याकडूनच शिकायचा. "अगं, तू चिडल्यावर पदर कसा खोचतेस? परत कर ना." नाहीतर, "रडू आवरताना खालचा ओठ आत घेतेस बघ, तसं करून दाखव." मी दाखवायचे. दुसऱ्या दिवशी तालमीत माझाच पदर, माझाच ओठ, आणि वाहवा त्याची. "काय बाई उभी केलीय!" अठरा वर्षं हीच बाई मी पहाटे सहापासून उभी करतेय, त्याचं कुणाला काही नाही. त्याने मिशी काढली त्या दिवशी सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढली. माझी त्यांनी कधी काढलेली मला आठवत नाही.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी विंगेत स्टुलावर वही आणि टॉर्च घेऊन बसले होते. दरबाराचा प्रवेश आला. राजा झालेले सेक्रेटरी गरजले, "बोल, राणी!" नवऱ्याने मान वर केली, तोंड उघडलं आणि त्याला काही आठवेना. त्याने विंगेकडे पाहिलं. पहिला शब्द माझ्या ओठांवर होता, वहीत बघायचीही गरज नव्हती.

मी तो दिला नाही. पान हरवलं नव्हतं, टॉर्च बंद पडला नव्हता. निव्वळ मत्सर. घे, आता तुझी बाई तूच उभी कर, असं मनात आलं.

त्याने खालचा ओठ आत घेतला, मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला. भीतीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. सेक्रेटरींनी जरा वाट बघितली आणि सरळ पुढचं वाक्य घेतलं. राणी एक अक्षर न बोलता विष प्यायली. पहिल्या रांगेतल्या बायका पदराने डोळे पुसत होत्या. पडदा पडला तरी टाळ्या थांबेनात.

"एक शब्द बोलली नाही हो! बाई असावी तर अशी," सासूबाई जो भेटेल त्याला सांगत होत्या.

घरी तोंडावरचा रंग पुसता पुसता नवऱ्याने विचारलं, "शब्द का नाही दिलास गं?"

"पानं चिकटली होती."

"बरंच झालं," तो म्हणाला. त्याला खरं वाटलं.

पुढे भाईंदरच्या एका मंडळाने नवरात्रात प्रयोगाला बोलावलं. बैठकीत सेक्रेटरी म्हणाले, "ते लांबलचक उत्तर काढूनच टाकू. राणी गप्प राहते तेच लोकांना भिडलंय." नवऱ्यानेही मान डोलावली, त्याचं पाठांतर वाचणार होतं. मी सोडून सगळ्यांनी हात वर केले. मग कुणीतरी माझ्यापुढे पेन्सिल धरली. वही माझ्याकडे होती, म्हणून त्या सव्वा पानावर काट मलाच मारावी लागली.