गोळीआधीचा ताप

हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागातल्या डे-केअरची फोनवाली सिस्टर रोज साडेनऊला खुर्ची बाजूला सारायची आणि उभ्यानेच फोन लावायला घ्यायची. आपण आरामात बसून विचारतोय, हे समोरच्याला आवाजावरून कळतं, असं तिचं ठाम मत होतं.

पलीकडच्या खोलीत सलाईनी थेंबथेंब चालू असायच्या. हिचे पेशंट मात्र केमो घेऊन घरी गेलेले असायचे. डोसनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात अंगातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, तेव्हा साधा तापही जिवावर बेततो. पूर्वी असे फोन कुणी करत नसे. मग एक शाळामास्तर, सुट्टीच्या दिवशी कशाला कुणाला त्रास द्यायचा म्हणून, दोन दिवस ताप अंगावर काढत राहिले आणि दगावले. त्यानंतर ही मोठ्या डॉक्टरांच्या हात धुऊन मागे लागली आणि हे फोनचं टेबल मिळवलं. तेवीस वर्षांच्या नोकरीत तिने स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट.

त्या दिवशी यादीत तिसरे होते टेलरकाका. डोसनंतरचा दहावा दिवस.

"ताप अठ्ठ्याण्णव," फोन उचलताच ते म्हणाले.

तिने अजून विचारलंही नव्हतं. एरवी काकांची सुरुवात तिच्या युनिफॉर्मपासून व्हायची. "सिस्टर, तो डावा खांदा कुणी शिवला हो? शोधून आणा, मी त्याच्या हातातली कात्री काढून घेतो!"

"आणि आज माझ्या खांद्याचं काय?" तिने मुद्दाम विचारलं.

"कसला खांदा?"

"काका, काकूंना द्या फोन."

"ती कामात आहे."

"मग काम सोडायला सांगा."

काकू फोनवर आल्या. सिस्टरने विचारलं, "ताप मोजण्याआधी तापाची गोळी घेतात का हो ते?"

काकू हळूच म्हणाल्या, "परवापासून. आधी गोळी, मग तासाने थर्मामीटर. मला म्हणाले, तू मधे तोंड घालू नकोस."

"का पण?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, ताप असला तर डोस पुढे जातो."

म्हणाली होती. मागच्या महिन्यात, गर्दीत, एका हाताने फाईल मिटता मिटता. तेवढंच वाक्य काका घरी घेऊन गेले होते. एकदा पेशी कमी भरल्या म्हणून त्यांचा डोस पुढे गेला होता आणि त्या आठ दिवसांत आजार आत वाढतोय, असं त्यांनी मनाशी घट्ट धरलं होतं.

"काकू, त्यांना आत्ताच इकडे घेऊन या," ती म्हणाली. फोन पुन्हा काकांनी ओढून घेतला. "सिस्टर, डोस ठरल्या दिवशी द्याल, असं म्हणा. आत्ता येतो."

म्हणून टाकावं, असं तिच्या अगदी जिभेवर आलं.

"नाही काका. डोस पुढे जाणार. पण आज आला नाहीत तर तो डोस द्यायचा कुणाला?"

फोन कट झाला. तिने पुन्हा लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा काकूंनी उचलला, दबक्या आवाजात. "हट्टाला पेटलेत हो. पलंगावरून उठायला तयार नाहीत."

"हातपाय?"

"बर्फासारखे. आणि बोलणं तुटतंय मधेमधे."

"काकू, आता त्यांना विचारायचं नाही. शेजाऱ्यांना हाक मारा, गाडी आणा, उचलून आत बसवा. मी दारात उभी राहते."

तिने डॉक्टरांना कळवलं, बेड अडवला, अँटिबायोटिक काढून ट्रेमध्ये ठेवलं. उरलेले फोन शेजारच्या सिस्टरला दिले आणि दारात गेली. एक गाडी आली. त्यातून हसत एक बाळंतीण उतरली. दुसरीतून कुणीच ओळखीचं नाही. पस्तीस मिनिटं झाली.

काका आले तेव्हा त्यांची मान शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडलेली होती. ताप एकशे तीन, प्रेशर ऐंशीवर. दोन शिरा हाताला लागता लागता निसटल्या. तिसरी मनगटाशी मिळाली. औषध आत जायला लागलं, तेव्हा कुठे तिला आपण दात आवळून धरलेत हे कळलं.

दुपारभर प्रेशर वर यायचं, पुन्हा घसरायचं. संध्याकाळी सहाला शंभरवर आलं आणि तिथेच टिकलं. काकांनी डोळे उघडले.

"डोस?"

"पुढे गेला."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ती तशीच उभी राहिली. "काका, त्या दिवशी मी अर्धंच सांगितलं. चूक माझी. आठ दिवस थांबलेला डोस पुन्हा देता येतो. ताप मात्र वाट बघत नाही."

भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "एकशे तीन होता?"

"तीन."

"मला वाटलं, शंभर-बिंबर असेल."

तिने टेबलाशी जाऊन रोजच्या प्रश्नांच्या कागदावर सगळ्यात वर एक ओळ लिहिली: गोळी आधी घेतली की ताप आधी मोजला? मग पर्स उचलली आणि जाता जाता पुन्हा आत डोकावली. काकू सकाळच्याच साडीत, पायांत दोन वेगळ्या चपला, स्टुलावर ताठ बसून होत्या.

"काकू, कॅन्टीन साडेसातला बंद होतं. आधी जाऊन खाऊन या."