समीक्षकाचे कान

"मी हळूच गाणार. ज्याला ऐकायचंय तो येईल जवळ," असं ती एकदा रेडिओवरच्या मुलाखतीत म्हणाली होती. पुढे तिची मुलाखत कुणी घेतलीच नाही.

नऊ वर्षांपूर्वी तिनं आणि दादानं मिळून एक अल्बम काढला. स्वयंपाकघराच्या भिंतींवर रजया टांगल्या. दादाची गिटार, तिचा आवाज, बाकी काही नाही. घरघर नको म्हणून फ्रिज बंद ठेवला, तर दोन दिवसांचं दूध नासलं. कुठल्याशा कॉलेजच्या मासिकानं चार बरे शब्द लिहिले. एकानं 'भांडी घासताना लावायला ठीक' म्हटलं, त्यावर दोघं पोट धरून हसली. मग रविवारच्या पुरवणीत एका बड्या समीक्षकाचं परीक्षण आलं. त्याच्या शब्दावर दुकानदार माल मागवायचे.

'उशीत तोंड खुपसून गायलेली दहा गाणी. शब्दांना कडा नाहीत, तारांना धार नाही. बाई म्हणतात, जवळ या. आलो. तिथंही कुणी नव्हतं.'

शेवटची तीन वाक्यं ज्याच्या त्याच्या तोंडी झाली. मावशीनं फोन केला, "अगं, तुझं गाणं लावलं नि मला वाटलं, लाइट गेले की काय!" दादानं गिटारच्या तारा सैल केल्या आणि ती कपाटावर टाकली. आता तो फर्निचर पोचवायची गाडी चालवतो. कुणी गाण्याचा विषय काढला की उगाच किल्ल्या शोधायला लागतो.

ती कान तपासायला शिकली. दवाखान्यात तिला सगळे 'कानवाल्या बाई' म्हणतात. गाणं सुटलं, परीक्षण मात्र तोंडपाठ राहिलं. मनातल्या मनात तिनं त्या माणसाची किती वेळा खरडपट्टी काढली असेल, त्याला गणती नाही.

आणि एका सकाळी पेशंटच्या यादीत त्याचं नाव दिसलं.

"हे मला दे," ती शेजारच्या टेबलावरच्या मुलीला म्हणाली.

"घे बाई. हट्टी म्हातारे तुझ्याकडेच सरळ वागतात."

त्यानं तिला ओळखायचा प्रश्नच नव्हता. अल्बमवर फोटो नव्हता. तिनं त्याला काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "आवाज आला की दाबा." जाडे आवाज त्यानं पटापट पकडले. वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना मात्र तो अंगठा रोखून नुसता बसून राहिला. पडद्यावरच्या आलेखाची रेघ घसरत तळाला गेली.

"कधीपासून कमी येतंय?" तिनं त्याला बाहेर आणून विचारलं.

"वर्षभर झालं असेल."

"वर्षभर!" सोबत आलेली त्याची बायको उसळली. "बारा वर्षं झाली, बाई! दाराची बेल वाजवून वाजवून माणसं परत जायची. वर मलाच म्हणणार, तू पुटपुटतेस."

"पुटपुटायचीसच तू."

"आणि पेपरात कळलं तर लिखाण जाईल, म्हणून मला शपथ घातलेली!"

बारा वर्षं. तिनं रेघेकडे नीट पाहिलं. 'स', 'श', तारेवरून सरकणारं बोट, ओळीआधीचा श्वास, यातलं काहीच या माणसाच्या कानात शिरत नव्हतं. हे काढून घेतलं तर कुणाचाही आवाज उशीतून आल्यासारखा वाटणार. म्हणजे त्यानं पेपरात छापला होता तो त्याच्याच कानांचा रिपोर्ट. आणि दादा नऊ वर्षं तो स्वतःचा समजून बसला होता.

राग निवायला हवा होता. तो आणखी पेटला. श्रवणयंत्राचा आवाज असा चढवून द्यावा की घरात चमचा पडला तरी याच्या डोक्यात सुरी फिरावी. माउसवर हात गेलाही. पण तिनं यंत्रं अचूक लावली. इतकी अचूक तिनं आजवर कुणालाच लावली नव्हती, आणि त्यात दयेचा लवलेश नव्हता.

"ही दाखवण्यापुरती आहेत. तुमची पुढच्या आठवड्यात येतील. गाणं लावते, कसं वाटतं सांगा."

तिनं आपल्या अल्बममधलं दहावं गाणं लावलं. तो आधी दचकला. मग खुर्ची सरकवत सरकवत स्पीकरच्या तोंडाशी आला.

"बोटं ऐकू येतायत हो! श्वाससुद्धा! कोण आहे ही? नवीन दिसते. हिच्यावर लिहायला हवं."

"लिहिलंय की तुम्ही."

"मी? कधी?"

"नऊ वर्षांपूर्वी. 'जवळ या. आलो. तिथंही कुणी नव्हतं.'"

बायको एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली.

"बाई, मी पुन्हा लिहितो," तो चाचरत म्हणाला. "आजच लिहितो. फक्त शेवटपर्यंत ऐकू द्या."

शेवटी तिचा आवाज थांबतो आणि दीड मिनिट एकटा दादा सगळ्यात बारीक तारेवर हळूच वाजवतो. ते कुठल्या श्वासानंतर येतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तो श्वास आला. ती उठली, त्याच्या दोन्ही कानांतली यंत्रं अलगद काढून तिनं डबीत ठेवली.

गाणं चालूच होतं.

"काय झालं? संपलं का?" त्यानं बायकोचा हात हलवला. "अगं, संपलं का?"

बायकोनं स्पीकरवरची नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं.

डबी मुठीत धरून ती बाहेर निघून गेली.